बंपरवरची चौकट

“माझ्या सुनेनं माझा नवरा दुसऱ्यांदा मारला!” असं म्हणतच आजी आत शिरल्या आणि भाऊजींचा चहा बशीत सांडला.

वहिनी खुर्चीत सरसावून बसल्या. खासगी तपास हा त्यांचा धंदा. ऐकलेलं, पाहिलेलं सगळं शोषून घेतात म्हणून लोक त्यांना टिपकागद म्हणत. भाऊजी त्यांचे दीर. निवृत्तीनंतर ते त्यांचे मदतनीस झाले होते, म्हणजे पिशवी धरायचे आणि दर वेळी चुकीच्या माणसावर बोट ठेवायचे.

आजींची तक्रार साधी होती. वर्षापूर्वी गेलेल्या आजोबांची जुनी मोटार गॅरेजमध्ये होती. प्रत्येक सहलीचा एक स्टिकर ते मागच्या क्रोमच्या बंपरवर चिकटवत. आज सकाळी पाहावं तर बंपर कोरा.

“मळकट दिसतात, काढून टाकू या, असं ती एकदा म्हणाली होती. आज संध्याकाळी तिला आणि मुलाला, दोघांनाही सांगणार आहे, आपलं बिऱ्हाड वेगळं करा. पण आधी खात्री करून द्या.”

बोलताना आजींचा आवाज चिरकला. घर रिकामं होण्याच्या कल्पनेनं त्या स्वतःच हादरल्या आहेत, हे भाऊजींनाही कळलं.

गॅरेजमध्ये वहिनींनी बंपरसमोर बसकण मारली. क्रोमवर एकही ओरखडा नव्हता. तेलाचा किंवा पेट्रोलचा वास नव्हता. स्टिकरांच्या जागी डिंकाच्या बारीक आडव्या रेघा आणि गंजाचे ठिपके होते. सगळ्यात डावीकडच्या फिकट चौकटीच्या आत आणखी एक लहान, जास्त चकचकीत चौकट दिसत होती.

“इथं जोर लावून घासलंय,” भाऊजी म्हणाले.

“हं,” वहिनी म्हणाल्या. त्या घरातून गॅरेजपर्यंत ओढलेली विजेची वायर बघत होत्या.

आजींच्या मुलानं टकलावरून हात फिरवला. “गाडी विकावी असं मला वाटतं, लपवत नाही. पण स्टिकर? मागे एकदा पुढच्या काचेवरचा पार्किंगचा पास ब्लेडनं खरवडला, काचेवर चरे पडले. आई महिनाभर बोलली नाही माझ्याशी. पुन्हा हात लावीन होय?”

गाडीचा नेहमीचा मेकॅनिक समोरच्याच गल्लीत होता. गाडीखालून त्याचे फक्त पाय दिसत होते.

“मी असतो तर पेट्रोलच्या बोळ्यानं चुटकीसरशी काढले असते. कागदाचा लगदा झाला असता, ते सोडा. स्टिकरखाली ओल धरते हो! बंपर उतरवून नवा क्रोम चढवा, नाहीतर गंज खाईल, असं घरी सांगितलं होतं मी.”

“आजींना?”

“छे! त्या पाना घेऊन मागे लागतात.”

सून शर्टांना बटणं लावायची कामं घेई. खोलीत जाड दोऱ्याची रिळं होती, आरशापाशी केस वाळवायचा ड्रायर होता. तिच्या दोन्ही तर्जनींना मधल्या पेरावर पट्ट्या होत्या.

“सुई लागली,” ती मान वर न करता म्हणाली. “मी काही फेकलेलं नाही.”

बाहेर येताच भाऊजी कुजबुजले, “मुलगाच! विकायची घाई झालीय त्याला.”

“सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलवा, भाऊजी.”

मेकॅनिकनं खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि सगळे बसले.

“मुलाचा हात ब्लेडवर,” वहिनी म्हणाल्या. “पण क्रोमवर चरा नाही. मेकॅनिकचा बोळा पेट्रोलचा, पण वास नाही. हे स्टिकर ड्रायरनं ऊब देऊन, मागून दोरा करवतीसारखा ओढत सोडवलेत. डिंकाच्या रेघा त्याच दोऱ्याच्या. इतकी मेहनत कोण घेतं? ज्याला ते अख्खे हवे असतात. सुई बोटाच्या टोकाला लागते. दोन्ही हातांच्या पेरांना कापतो तो ताणलेला दोरा.”

सुनेनं पदर तोंडाला लावला.

“नवा क्रोम चढवून पुन्हा चिकटवणार होतीस ना? मग सकाळीच का नाही सांगितलंस?”

“पहिलाच फाटला,” ती हुंदका देत म्हणाली. “आईंचा सगळ्यात लाडका.”

“फाटणारच. चौकटीत चौकट होती. तिथं एकावर एक दोन स्टिकर होते, आणि तू दोरा दोघांच्या मधून ओढलास.”

भाऊजींनी खाली पाहिलं. घासलेलं म्हणे!

सुनेनं शर्टांचा खोका आणला. बटर पेपरवर सगळे स्टिकर ओळीनं जपले होते. पहिल्याचे दोन तुकडे होते आणि शेजारी एक जुना, लाल ‘एल’.

आजींनी तो उचलला.

“लग्नानंतर ह्यांनी मला गाडी शिकवली. म्हणाले होते, नीट चालवायला लागलीस की हा काढीन. पहिल्या सहलीला मी एकटीनं गाडी नेली, तेव्हा म्हणाले, काढला बघ.” त्या रडता रडता हसल्या. “लबाड! त्याच्यावरच सहलीचा चिकटवला. चाळीस वर्षं मला शिकाऊच ठेवलं!”

मग त्यांनी सुनेची पट्टी बांधलेली बोटं हातात घेतली.

“चुकलं माझं, बाळ. सगळ्यात वाईट तेच मनात आणलं मी.”

“आई, बंपर चकचकीत झाला की सगळे लावते परत. फाटलेला जोडून वर, एल त्याच्या खाली. होता तसाच.”

“गाडी चालवता येते तुला?”

“नाही.”

आजींनी कमरेची किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली.

“मग एल वरच लाव.”