कागदावर न उमटलेला शिक्का

लोखंड कधी खोटं बोलत नाही!

आमचे साडू हे चारचौघांत ठणकावून सांगत. डॉक्टरांनी वजनकाट्यावर उभं केल्यापासून मात्र आवाज जरा उतरला होता.

पुढचं सगळं शब्दन् शब्द खरं आहे. साडू बढाया मारतात, पण स्वतःला शोभतील अशाच. यात ते कुठेही शोभत नाहीत.

मंगळवार. दुपारचे पावणेतीन. शस्त्रसंग्रहालयाचं तळघर.

जुन्या लष्करी रायफलींच्या लोखंडात ठोकलेले शिक्के वाचून वहीत उतरवायचे, हे साडूंचं काम. पद्धत ठरलेली. आधी बोल्ट मागे ओढून आत काडतूस नाही ना ते बघायचं. मग शिक्क्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची. फोटो काढायला त्यांचीच लेक.

त्या दिवशीच्या रायफलीवर, नळीच्या मुळाशी, ठसठशीत शिक्का होता: ‘निकामी’. म्हणजे नळी आतून बुजवलेली.

तीस वर्षांत पहिल्यांदाच साडूंनी बोल्ट उघडला नाही. शिक्का आहे ना!

लेक रायफलीच्या तोंडासमोर गुडघ्यांवर बसली.

“बाबा, नक्की मेलीये ना ही?”

“तुझ्या आजोबांच्या मोटारीपेक्षा जास्त. काढ फोटो.”

साडूंनी पेन्सिल घासली. नंबर उमटला. कारखान्याची खूण उमटली.

‘निकामी’...

उमटला नाही.

पुन्हा घासली. तेवढी जागा कोरीच.

साडूंनी चष्मा पुसला. डोळ्यांना शिक्का स्वच्छ दिसत होता. त्यावरून बोट फिरवलं...

खाली गुळगुळीत लोखंड.

आणि पंख्याचा आवाज थांबला. पाती फिरत होती. वाराही येत होता. आवाज तेवढा नव्हता...

“बाबा, मागे उभे राहू नका ना. श्वास लागतोय मानेला.”

साडू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते.

कागद तसाच टाकून ते धावले आणि पोरीला खांद्यानं बाजूला ढकललं. ती पडली. कॅमेरा फरशीवर आपटला.

ठक्!

चापाजवळ कुणाचाही हात नव्हता...

साडूंनी बोल्ट उघडला. आत काडतूस. त्याच्या बुडावर, रायफलीची टोचणी आपटल्याचा ताजा खळगा. दारू जुनाट होती, म्हणून पेटली नाही.

नळी आरपार मोकळी होती.

शिक्का आता डोळ्यांनाही दिसेना. लेकीच्या फोटोत मात्र तो आहे.

साडूंचं एकच कोडं सुटत नाही. शिक्का दाखवून फसवणारा कोण, आणि कागद कोरा ठेवून सावध करणारा कोण? दोघं होते? की एकच, आणि शेवटपर्यंत त्याचं मन ठरत नव्हतं...

रायफल अजून तिथेच आहे. लेक रोज तिथेच कामाला जाते.

हे सांगून साडूंनी चहाचा कप खाली ठेवला. निघताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला. आवाज अगदी खोल गेला.

“एवढं एक करा. कॅमेरा पोरीच्याच हातून पडला, असं मी घरी सांगितलंय. तुमच्या मेहुणीसमोर तेवढं सांभाळून घ्या.”