साडेदहाची भरती

काम म्हणाल तर साधं होतं. मनकर्णामावशीचा एका कागदावर अंगठा घ्यायचा. सकाळी बीडहून एसटी धरली, शिरूर कासारला उतरलो आणि तापल्या माळावरून वस्तीपर्यंत चालत गेलो. विहिरी तळाला गेलेल्या, वाटेत टँकरपाशी घागरींची रांग.

आधी मागचं सांगतो. आमची माणसं दरसाल ऊस तोडायला जातात. गेल्या साली मी दहा जणांना कोकणात खाडीच्या चिखलात तिवराची, म्हणजे खारफुटीची, रोपं लावायला नेलं. परदेशातली एक कंपनी आपल्या धुराची भरपाई म्हणून इकडच्या जगलेल्या झाडांचे पैसे देते. कार्बन क्रेडिट म्हणतात त्याला. तपासणीवाले येणार होते, मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायची घाई होती. पहिलीच सकाळ. मी बांधावर, आणि लखन चिखलात सगळ्यांच्या फार पुढे. लखन हा मावशीचा एकुलता एक मुलगा. तीन वर्षं बीडच्या क्लासला पोलीस व्हायचं म्हणून घासत होता.

खाडीवरचा एक म्हातारा मला म्हणाला, "साडेदहाला भरती." वर हातवारे करून पाणी कसं चढतं तेही दाखवलं. जवळच्यांना मी हाका मारून वर घेतलं. लखनला हाक पोचेना, म्हणून मोबाईलवर लिहिलं, 'साडेदहाला भरती.' आमच्याकडे भरती एकच, पोलीस भरती. त्याचं उत्तर आलं, 'कुठं?' मला वाटलं, थट्टा करतोय. मी हसलो आणि फोन खिशात टाकला. पाणी त्याच्या मागून भरत आलं. तो सापडलाच नाही. 'पाणी' एवढा एक शब्द लिहायचा होता हो, तेवढाही मी लिहिला नाही.

कागदावर मजकूर होता की मयताला पाण्याची पूर्वकल्पना दिली होती. खाली आईचा अंगठा पडला की मी सुटलो.

मावशी पीठ मळत बसली होती.

"जय भीम, मावशी."

"जय भीम. ये पवन. चप्पल वर ठिव बाबा, भिजंल."

खाली तर सारवलेली कोरडी ठणठणीत जमीन. पण घरात एक वास होता, खारट, कुजका. तो मी ओळखला.

"मावशी, लखनचं..."

"लखन भरती झाला की! चिखलातून फोन केलता मला. म्हनला, माय, पवननं भरतीचं कळवलंय. लई खूश होता."

"मावशी, तो गेला. चार महिने झाले..."

"गेलाय, पर येतो की. दिसातून दोनदा. ड्युटी बदलती हाय, रोज पाऊण तास उशीर व्हतो. काल दुपारी एकला आलता."

भरतीची वेळ रोज तेवढीच पुढे सरकते, हे मला त्या म्हाताऱ्यानं लखन गेल्यावर सांगितलं होतं. मावशीला कोण सांगणार? तिनं समुद्र कधी पाहिलेला नाही.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले. चुलीतला जाळ चर्र करून विझला. माझ्या घोट्यांना काहीतरी गार लागलं. खाली बघायचा धीर झाला नाही...

"आला बघ," मावशी हळूच म्हणाली. "तुला कायतरी इचारतोय."

"काय...?"

"कुठं, म्हनतोय. निसतं कुठं."

मी पळालो ते थेट स्टँडवर येऊन थांबलो. कागद खिशातच होता, बाहेर काढलाच नव्हता. उघडला, तर खाली अंगठा उमटलेला. काळ्या, ओल्या चिखलाचा.

तो कागद मी अजून कुणाला दिलेला नाही, इथेच या टेबलावर ठेवलाय. अंगठा वाळतो, आणि दिवसातून दोनदा पुन्हा ओला होतो, रोज पाऊण तास उशिरा. फिरत फिरत आज सकाळी साडेदहाची पाळी आलीय.

दहा वाजून गेलेत. तुम्ही पाय वर घेऊन बसा.