कडुबाची डबल बेल

हे उडतं ऐकीव नाही, ज्यांच्यावर बेतलं त्यांनीच सांगितलेलं. पुंडलिकमामा माझ्या आईचे सख्खे भाऊ. भुताखेताचा विषय निघाला की ते उठून जायचे.

गेल्या मार्चमधला रविवार. दुपारचा एक. संभाजीनगरहून गंगापूरला निघालेली एसटी.

याच रस्त्यावर मामांनी सव्वीस वर्षं एसटी चालवली. मागं कंडक्टर एकच... कडुबा. त्यानं दोरी ओढून दोनदा घंटी दिली की मामांनी गाडी सोडायची. एकदा दिली की थांबवायची.

आज मामा प्रवासी होते. कडुबाच्या पुण्यानुमोदनाला, त्याच्या मरणानंतरच्या विधीला, निघाले होते.

डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता.

कडुबा आठ महिने आजारी होता. फोनवर मात्र "मजेत हाय" म्हणायचा आणि मिनिटभरात ठेवून द्यायचा. शेवटी त्याच्या मुलीचा, विशाखाचा फोन आला. "काका, पप्पा गेले."

रिटायर होऊन नऊ वर्षं झाली होती. 'भेटू निवांत' म्हणता म्हणता नऊ वर्षं गेली. रस्ता रुंद झाला. कडेचं ओळखीचं एकही झाड उरलं नव्हतं.

लिंबेजळगाव मागं पडलं आणि...

टण्.

ड्रायव्हरनं गाडी थांबवली. "घंटी कुणी दिली?"

कंडक्टर रूपानं गळ्यातली शिट्टी दाखवली. "दादा, ह्या गाडीला घंटीच नाय."

इंजिन आपोआप बंद पडलं.

मागच्या रिकाम्या सीटवरून आवाज आला... कट्... कट्...

तिकिटं पंच करायचा चिमटा. आता सगळीकडं मशीन आहे. रिकामा चिमटा वाजवायची सवय कडुबाची.

मामा ताडकन उठून त्या सीटपुढं उभे राहिले.

"आठ महिने लपवलंस. बायकोला सांगितलंस, पोरीला सांगितलंस. मला नाय. का रं?"

चिमटा थांबला.

मग... टण्. टण्.

"नाय जायची गाडी," मामा दातओठ खात म्हणाले. "जन्मभर तुझ्या बेलवर हाकली. आज नाय."

टण्. टण्.

ड्रायव्हर चावी फिरवत होता. गाडी सुरू होईना. मागच्या बाया उठून पुढं सरकल्या.

"काका, खाली बसा," रूपा म्हणाली. मामा हलले नाहीत. दांडा धरून उत्तराची वाट बघत राहिले.

आणि सीटवरून आवाज आला...

श्वासाचा. धाप लागलेल्या, दोन शब्दही धड बोलता न येणाऱ्या माणसाचा.

मामांचा दांड्यावरचा हात सुटला.

"सोड गाडी," ते ड्रायव्हरला म्हणाले.

चावी एकदाच फिरली आणि गाडी सुरू झाली.

मी नंतर डेपोत जाऊन रूपाला विचारलं. तिनंही हेच सांगितलं. फक्त श्वासाबद्दल ती बोलेना.

मामा आता गंगापूरला जीपनं जातात. भीती वाटते का, मी विचारलं.

"राग येतो."

चपला घालून निघाले, दारात वळून म्हणाले,

"समज बसलो एसटीत... आन् घंटी वाजलीच नाय तर?"