बसून घेतलेलं माप

निवृत्त माणूस रिकामा दिसला की समाजाला त्याचे उपयोग सुचतात. मी आयुष्यभर वर्तमानपत्रातून लोकांच्या खोड्या काढल्या. आता वाचनालयाच्या अंकासाठी त्याच लोकांचं कौतुक करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. विषय होता, आपल्या भागातले कारागीर आणि त्यांची प्रेरणा.

प्रेरणा हा शब्द उच्चारला की कारागीर आधी मागे वळून बघतो, दुसऱ्या कुणाला विचारताहेत का म्हणून. पुस्तकबांधणीवाला म्हणाला, "सासरे." खुर्च्या विणणारी बाई म्हणाली, "हात रिकामे राहिले की डोक्यात नको ते येतं, म्हणून विणते." कुंभाराने "उद्या या" म्हणून दार लावलं. दुसऱ्या दिवशीही त्याने तेच सांगितलं, आणि मला वाटतं, सर्वांत प्रामाणिक उत्तर त्याचंच.

जोडेवाल्याचं दुकान तळघरात होतं. छताजवळच्या आडव्या झरोक्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत. आत चामड्याचा, मेणाचा आणि खळीचा वास. भिंतभर खुंट्यांवर लाकडी पाय टांगलेले. ज्याचे जोडे करायचे त्याच्या पायाच्या मापाचा लाकडी साचा, त्याला कलबूत म्हणतात. एका कलबुताला करंगळीपाशी चामड्याची चकती ठोकली होती.

"पोस्टमास्तरांचं कुरूप," तो म्हणाला.

पोस्टमास्तरांना मी वर्षानुवर्षं ओळखत होतो, पण इतकं जवळून नाही.

"आणि प्रेरणा?"

त्याने माझ्या पायातला जोडा मागून घेतला आणि उलटा केला. "वजन. माणूस जमिनीवर भार कुठं टाकतो, ते बघितलं की जोडा सुचतो. तुमची उजवी टाच झिजलीय. घरातून वाद घालून निघता."

"वाद ती घालते. मी फक्त निघतो."

"म्हणूनच टाच झिजली."

तो हसला नाही. माणूस मला आवडला, आणि मी बायकोचा विषय काढला.

घोटा मोडल्यापासून ती घरातच होती. हाड जुळलंय, असं डॉक्टर सांगत. पण पाय टेकला की कळ डोक्यात जाई. पूर्वी तिच्या पायाला भिंगरी होती. आता ती गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चालण्यातल्या चुका काढायची. "तो बघा कसा फरफटत चाललाय. पाय दिलेत तर नीट वापर ना बाबा." तिला पुन्हा चालताना बघायचं, एवढं एकच मला हवं होतं. अंक वगैरे निमित्त.

"माप आणा," जोडेवाला म्हणाला. "कागदावर उभं करून, पायावर सगळा भार टाकायला लावून. बसून घेतलेलं चालत नाही."

घरी मी वर्तमानपत्र पसरलं. वरच माझा एक जुना लेख होता.

"उभी राहा."

"दुखतं हो. बसल्या बसल्या घ्या. पाय काय बदलणार आहे?"

"तो म्हणतो, भार टाकून..."

"त्याला म्हणावं, तू घोटा मोडून घे आणि मग टाक भार."

मी पेन्सिल फिरवली. माझ्या लिखाणावर तिने उघडपणे पाय ठेवायची ही पहिलीच वेळ.

जोडेवाल्याने कागद उजेडात धरला. "उभं करून घेतलंत ना?"

"हो," मी म्हणालो. चांगलं काम असल्या बारीकसारीक गोष्टींनी अडू नये, असं माझं मत आहे.

तो रेघेवरून अंगठा फिरवत राहिला. "भार सापडत नाही," एवढंच म्हणाला, आणि त्याने लाकूड तासायला घेतलं.

जोडे आले. तपकिरी, मऊ, तळाला खडूने केलेली त्याची खूण. बायकोने ते घातले, उभी राहिली आणि कळ यायची वाट बघू लागली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "काहीच होत नाही."

त्या संध्याकाळी ती रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आली. आली ती परत गेली. मी जिन्यात उभा राहून नाक पुसत होतो.

मग ती थांबेचना. चहा उभ्यानेच. जेवताना मध्येच उठून एक चक्कर. दुपारी बाजार, संध्याकाळी नदी, आणि मागून मी धापा टाकत. शेजारीण म्हणाली, "वहिनींचं वय उतरलं हो. आणि तुम्हाला चढलेलं दिसतंय."

आधी लक्षात आला तो आवाज. म्हणजे नसलेला. आमच्या जिन्याची मधली पायरी सगळ्यांच्या पायाखाली करकरते, मांजराच्यासुद्धा. बायको उतरली की करकरत नसे.

मग एकदा मी फरशी पुसून उभा होतो आणि ती ओल्या फरशीवरून सरळ बाहेर गेली, बाहेरचे जोडे घालून. आता परत पुसावं लागणार म्हणून मी वैतागून खाली बघितलं. पुसावं लागणार नव्हतं.

पलंगावर ती बसली की इतकी वर्षं माझी बाजू जरा वर उचलली जायची. तेही बंद झालं.

"तू बारीक झालीयस का?"

"आता दिसलं? चष्मा बदला."

एका दुपारी ती झोपली असताना तिचे जोडे उचलून मी दुकानात नेले. त्याने ते उलटे केले. इतके आठवडे रस्ते तुडवलेल्या जोड्यांच्या तळाला खडूची खूण होती तशी होती. एक कण उडाला नव्हता.

"घालत नाहीत?"

"झोपतानाच काय ती काढते."

त्याने मला पुन्हा काही विचारलं नाही. "बसवून घेतलंत," तो म्हणाला.

मी पोस्टमास्तरांच्या कुरुपाकडे बघत राहिलो.

"जोडे इथं राहू द्या. नवीन माप आणा, मी बदलून देतो. आणि लेखकसाहेब, चालत जाऊ नका. पळा."

घरी आलो तर ती पलंगाच्या कडेला बसली होती.

"माझे जोडे कुठायत?"

"दुरुस्तीला."

"नवे जोडे?"

"नवेच बिघडतात." मी कागद पसरला. "उभी राहा. भार टाक."

"टाकला."

"सगळा."

"अहो, टाकलाय म्हणते ना."

मी गुडघ्यांवर बसलो. अंगठ्यापासून पेन्सिल सुरू केली. बोटं. करंगळीला वळसा. बाहेरची कड.

टाचेपाशी हात जरा आत घसरला.

पेन्सिल अडली नाही. ती पावलाखालून गेली आणि पलीकडून बाहेर आली.

मी कागद ओढला. तोही आला.

"झालं का?" ती म्हणाली. "मला जायचंय."

"कुठं?"

तिने विचार केला. "ते सांगता येत नाही. पण इथं बसवत नाही."

मी तिला आरामखुर्चीत बसवलं, तिच्या स्वेटरची बाही धरून ठेवली आणि लग्नाच्या वेळच्या गोष्टी सांगत बसलो. माझ्या गोष्टींनी तिला नेहमीच झोप लागते. अजून झोपलीय. वाचनालयाला मजकूर द्यायचाय, आणि दुसरं काही करताही येत नाही, म्हणून एका हाताने हे लिहितोय. मघाशी पलीकडच्या खोलीत फोन वाजून वाजून थांबला. जोडेवाल्याचा असेल. उठायचं तर बाही सोडावी लागेल.

समोरची खिडकी उघडी राहिलीय. वारा म्हणावा असा नाही. पडदा अजून हललेला नाही.

बाही मात्र ताणली गेलीय.