जोडीतला एक दिवा

मोबाईल ठेवा बाजूला, मग सांगतो. माझ्या सख्ख्या साडूच्या घरात घडलेलं आहे, त्यामुळे तिखटमीठ लावायची सोय नाही.

साडू सुतार. हाताने घडवलेल्या वस्तूंचं त्याला भारी वेड. सात वर्षांची लेक अंधाराला घाबरायची. रात्र रात्र तिचा डोळ्याला डोळा लागायचा नाही. बायको म्हणाली, "अहो, झिरोचा बल्ब आणा एक, संपलं!" पण याच्या डोक्यात आर्ट्स अँड क्राफ्ट्सच्या, म्हणजे जुन्या विलायती घाटाच्या हातघडणीच्या दिव्यांचं खूळ. गेल्या नोव्हेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी तो थेट दिवे घडवणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेला. चौकोनी कंदील पाहिले, रंगीत काचांचे पाहिले. पसंत पडली ती पलंगाच्या दोन बाजूंना भिंतींवर लावायची जोडी. हातोडीने ठोकलेलं तांबं, अभ्रकाच्या पट्ट्या, मधासारखा उजेड. पण लेकीच्या खोलीत वायर एकाच भिंतीत होती.

"एकच द्या."

"एकाच अभ्रकातून कापलेत दोन्ही," म्हातारा म्हणाला. "जोडी फोडत नाही मी."

साडू कुणाचं ऐकतोय! तासभर डोकं खाऊन एक दिवा घेऊनच आला.

त्या रात्री लेक नऊलाच गाढ झोपली. साडू स्वतःवरच खूश.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्याला जाग आली. लेकीच्या खोलीत उजेड जरा जास्तच वाटला, म्हणून तो दारात गेला. पलंगाच्या डावीकडे दिवा. आणि उजवीकडच्या कोऱ्या भिंतीवरही... तसाच उजेड. त्याच उंचीवर.

आरशातून येत असेल? खोलीत आरसा नव्हता.

त्याने बटण बंद केलं.

डावी बाजू काळोखात गेली. उजवी...

तशीच.

"बाबा, आवाज नका करू ना," लेक म्हणाली. डोळे मिटलेलेच. "तो आत्ताच झोपलाय."

"कोण गं?"

...

ती थोडी सरकली. जागा केली.

उजाडताच साडूने दिवा परत नेला. म्हाताऱ्याने मुकाट ठेवून घेतला. पोरीची भीती मात्र गेली ती गेलीच. आता ती कुठलाच दिवा लावू देत नाही. त्या कोऱ्या भिंतीला गाल लावून झोपते.

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. पोर बाहेर खेळत होती, म्हणून भिंतीला हात लावून पाहिला. सगळी भिंत गार. वीतभर जागा तेवढी कोमट होती... माणसाच्या अंगाइतकी.