समोर: टॉर्च

कॅनडातल्या सस्काटूनहून सव्वा तासावर आमची पोटॅशची खाण आहे. पोटॅश म्हणजे खतासाठी लागणारा गुलाबी क्षार. त्याचा थर जमिनीखाली एक किलोमीटरवर आहे. मी खोदकामातला नाही. माझं काम वर, कंट्रोल रूममध्ये.

खाली प्रत्येकाजवळ कंपनीचा फोन असतो आणि बोगद्यांमध्ये ठरावीक अंतरावर वाय-फायचे बॉक्स टांगलेले आहेत. कुणाचा फोन कोणत्या बॉक्सला जोडलाय आणि त्यावर या क्षणी कोणतं ॲप समोर उघडं आहे, हे माझी सिस्टिम दर दहा सेकंदांनी दाखवते. गाडी चालवताना कुणी व्हिडिओ बघू नये, एवढ्याचसाठी कंपनीने ती करून घेतली होती. पण ती मी एकट्याने लिहिली आणि चार वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. कुणी चुकली म्हटलं की मी पुरावे घेऊन जायचो. कस्तुरी, माझी बायको, म्हणते, "आपल्याला मूल झालं तरी तू लोकांना हिचेच फोटो दाखवशील."

गेल्या जानेवारीतला मंगळवार. बाहेर उणे चौतीस आणि लख्ख ऊन. सकाळी दहा वाजता यादीत एक ओळ हिरवी झाली.

शौनक टेस्ट. बॉक्स एक्केचाळीस. समोर: टॉर्च.

मी कॉफी खाली ठेवली. तो माझाच फोन. पहिल्या वर्षी बॉक्स लावताना एका जुन्या बोगद्यातल्या खोल भेगेत पडला होता, काढता आला नव्हता. पुढे तो बोगदाच बंद केला. तिथल्या एक्केचाळीस नंबरच्या बॉक्सची वायरही काढून घेतली. तेव्हापासून ती ओळ राखाडी, म्हणजे संपर्काबाहेर, होती.

शेजारी डेल बसला होता. खाणीत त्याला तीस वर्षं झालेली. त्याने स्क्रीन बघितली.

"बिघडली तुझी सिस्टिम."

"ती बिघडत नाही," मी म्हणालो.

मी फोनचा सिरीयल नंबर ताडून पाहिला. तोच. सर्व्हरची दुसरी प्रत चालू केली. तिच्यातही तीच ओळ. इतर फोन बरोबर होते: डेलने खालच्या चौघांना विचारलं, तुमच्या स्क्रीनवर काय उघडंय, आणि चौघांची उत्तरं माझ्या यादीशी जुळली. एरवी मला यात सुख वाटलं असतं.

दहा वीसला ओळ बदलली. समोर: कॉन्टॅक्ट्स.

कुणीतरी नावं शोधत असावं तशी ती दोन मिनिटं तिथेच राहिली. मग समोर: फोन. डेल नकळत टेबलावरच्या लँडलाइनकडे बघत राहिला. ती वाजली नाही.

मग पुन्हा टॉर्च.

तेव्हा मी पूर्ण यादी वरपासून खालपर्यंत वाचली. पृथ्वीराजची ओळ नऊ पन्नासपासून राखाडी होती. पृथ्वीराज सांगलीचा, सर्व्हेचं काम करायचा, आमच्या घरी जेवायला यायचा. मोजमाप घेताना तो बॉक्सच्या टप्प्याबाहेर जायचा, म्हणून कुणाला काही वाटलं नव्हतं.

"एक्केचाळीसला माणसं पाठव," मी डेलला म्हणालो.

"बंद बोगद्यात? अख्खी शिफ्ट थांबवून? त्या बॉक्सला वीजच नाही, शौनक."

"माहितीये. माझं चुकलं तर मी राजीनामा देईन."

डेलने माझ्याकडे नीट पाहिलं आणि माइक उचलला.

साडेअकराला ते सापडले. बंद बोगद्याच्या अडसरापलीकडे, छतातून सुटलेल्या क्षाराच्या मोठ्या तुकड्याखाली पृथ्वीराजचा पाय अडकला होता. त्याचा स्वतःचा फोन चेचला गेला होता. एक्केचाळीस नंबरचा बॉक्स भिंतीवर होता, वायरीशिवाय, थंड. दुसरा कुठलाही फोन तिथे नव्हता. टीम त्याच्याजवळ पोचली त्याच मिनिटाला माझी ओळ राखाडी झाली.

त्या आठवड्यात माझं जे कौतुक झालं, ते आयुष्यात झालं नव्हतं. मॅनेजरने शिफ्ट बदलताना सगळ्यांसमोर माझा हात धरला. ज्यांच्यावर माझी नजर असते म्हणून जे माझ्याशी धड बोलत नव्हते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. कस्तुरीने पुण्याला आईला सांगितलं, आईने सोसायटीला. मी ताठ मानेने फिरत होतो. ती हिरवी ओळ कशी आली, हे मला कुणी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. सिस्टिम बरोबर ठरली होती, एवढं मला पुरे होतं.

शनिवारी दुपारी पृथ्वीराजला भेटायला हॉस्पिटलमध्ये गेलो. पाय वाचला होता. तो खिडकीजवळ बसून सफरचंद खात होता.

"ये रे," तो म्हणाला. "तुझे आभार मानायचेत. पण आधी सांग, तू वर कधी आलास?"

"कुठून वर?"

"टीमचे दिवे दिसले आणि तू उठून गेलास. वळून बघितलं तर नाहीस."

"मी खाली नव्हतो, पृथ्वी. मी कंट्रोल रूममध्ये होतो."

तो हसला. मला हसता आलं नाही. मग त्याचंही हसू गेलं.

"दीड तास टॉर्च धरून बसला होतास माझ्याजवळ," तो म्हणाला. "मराठीत बोलत होतास. मला झोपू देत नव्हतास."

"काय बोलत होतो?"

त्याने सफरचंदाची फोड ताटलीत परत ठेवली.

"फार नाही. एकच विचारायचास सारखं. 'वर माझं नाव अजून दिसतं का रे?'"

"मग तू काय म्हणालास?"

"मला काय माहीत?" पृथ्वीराज म्हणाला. "तेव्हा काही विचित्र वाटलं नाही, मी तुलाच म्हटलं, वर गेलो की शौनकला विचारून सांगतो."