सात सीटरमधली हजेरी

ही गोष्ट ऐकीव नाही. माझी स्वतःची आहे. मी अनुपमा, शारजात चौदा वर्षं संसार केलेली बाई. भुताखेतांच्या गोष्टींना सगळ्यात आधी हसणारी मीच. आता कुणाला खोटं वाटलं तर खुशाल वाटू दे, मी कुणाच्या हातापाया पडणार नाही.

आणि हो, अमावस्या नव्हती. रात्रसुद्धा नव्हती.

ऑगस्ट १९९८. शुक्रवार. दुपारचे पावणेतीन. मसाफीहून धैदकडे येताना लागणारा एक पेट्रोल पंप. बाहेर सेहेचाळीस डिग्री.

पण आधी गाडीचं सांगते.

गाडी जूनमध्ये घेतली. गुणवंतांनी. म्हणजे माझ्या मिस्टरांनी, ते हमरिया फ्री झोनमध्ये नोकरीला. जपानहून आलेली जुनी सात सीटर. कंपनीचं नाव घेत नाही, कंपनीचा बिचारीचा काय दोष? आम्ही चौघं, शिवाय शेजारची कुंदा आणि तिची ईरा आमच्यासोबत कायम. कुंदाचे मिस्टर ऑफशोअरला, समुद्रातल्या तेलाच्या रिगवर, महिना महिना घरी नसत.

"एकाच गाडीत सगळे मावू, अनु," हे म्हणाले. माणूस हौशी, आणि हौसेला मोल नसतं!

जपानमध्ये स्टिअरिंग उजवीकडे असतं. ते इथे चालत नाही. म्हणून इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजवाल्यांनी ते उपटून डावीकडे बसवलेलं. इंडिकेटरची कांडी तेवढी उजवीकडेच राहिली. हे वळायला गेले की भर उन्हात वायपर सुरू! मुलं खिदळायची.

पण मागचं सरकतं दार? ते कोण हलवणार? ते होतं तिथेच राहिलं... डावीकडे. ड्रायव्हरच्या बाजूला. जिथून गाड्या सुसाट जातात, बरोबर तिथे.

मला ते पहिल्या दिवसापासून खटकत होतं.

मग मी नियम केला. मुलांनी दाराला हात लावायचा नाही. मी वळसा घालून जाणार, एकेकाला आत चढवणार, दार ओढणार, परत येऊन पुढे बसणार. मग हजेरी. माझा वरद, दहा वर्षांचा, तो म्हणणार, "वन." ईरा म्हणणार, "टू." आणि माझी मुग्धा, पाच वर्षांची, तिसऱ्या रांगेत पाय पसरून बसलेली, ती म्हणणार, "थ्री."

की हे म्हणणार, "यल्ला!" आणि गाडी काढणार.

आधी लक्षात आला तो पट्टा.

तिसऱ्या रांगेत मुग्धा खिडकीशी बसायची. पलीकडची कोपऱ्यातली सीट रिकामी. तिथला सीटबेल्ट रोज सकाळी लावलेला असायचा.

मी सोडायचे. दुसऱ्या दिवशी... परत लावलेला.

जुलैत इथे गाडीतल्या लोखंडाला बोट लागलं तर फोड येतो. त्या पट्ट्याचं बक्कल मात्र गार असायचं. फ्रिजमधून काढल्यासारखं.

मी म्हटलं, असेल काहीतरी. घरात कामं काय कमी असतात?

मग एका संध्याकाळी रोल्लाच्या बाजारातून भाजी घेऊन निघालो. हजेरी झाली. वन. टू. थ्री.

आणि जरा थांबून... "फोर."

बारीक आवाज. लहान मुलाचा.

"वरद! वाह्यातपणा पुरे!" मी ओरडले.

"इट वॉझन्ट मी, आई!" त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी परत "फोर." त्याच्या दुसऱ्या दिवशी परत.

माझं डोकं फिरलं. मी सीटवरच उलटी वळले आणि मोठ्याने म्हटलं, "नीट ऐका! या गाडीत मुलं तीनच. चौथ्याला इथे जागा नाही. थ्रीच्या पुढे आकडा ऐकू आला ना, तर रस्त्यात उतरवून देईन!"

सासूबाई म्हणायच्या, अनुपमाच्या जिभेला हाड नाही. खरंच आहे ते.

त्यानंतर "फोर" बंद झालं. एकदम बंद. मी कुंदाला ऐटीत सांगितलं, "बघितलंस? जरा दरडावलं की पोरं सुतासारखी सरळ येतात."

आता तो शुक्रवार.

मसाफीचा बाजार करून परत येत होतो. पंपावर थांबलो. हे पेट्रोल भरून घेत होते. मुलांना बाथरूमला नेलं, पंपाच्या दुकानातून पाणी आणि ज्यूस घेतले. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. "चला, चला, चला!" मी घाई करत होते.

कुंदा चढली. ईरा चढली. वरद चढला. मग मी मुग्धाला काखेत हात घालून उचललं आणि आत ठेवलं. डोक्यावर कॅप, पिवळा फ्रॉक. हाताला गार लागली. मला वाटलं, दुकानाच्या एसीतून आली आहे. आणि हलकी... किती हलकी! पोरगी काही खात नाही, असंसुद्धा मनात आलं.

दार ओढलं. पळत पुढे येऊन बसले.

"वन."

"टू."

जरा थांबून... "थ्री."

"यल्ला!"

पंचवीस मिनिटं झाली. धैदचा राउंडअबाउट आला. गाणी लावलेली. मागून वरद म्हणाला, "आई, मुग्धा इज नॉट देअर."

"झोपली असेल आडवी. बघ नीट."

"नो, आई. देअर इज नोबडी."

ह्यांनी करकचून ब्रेक मारला.

मी मागे धावले. दार सरकवलं. तिसरी रांग रिकामी. सीटखाली बघितलं, डिकीत बघितलं. पाच वर्षांची पोर चालत्या गाडीतून कुठे जाईल?

"तू दार नीट लावलं नव्हतंस?" हे किंचाळले. आजवरच्या सत्तावीस वर्षांच्या संसारात एवढा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला.

"लावलं होतं! मी स्वतः उचलून ठेवली तिला! हजेरी दिली तिने!"

"मीसुद्धा ऐकलं, भाऊजी," कुंदा रडत म्हणाली.

"आय गेव्ह हर द ज्यूस," वरद पुटपुटला. "मागे न बघता दिला. शी टूक इट."

ज्यूसचा डबा सीटवर होता. स्ट्रॉ खुपसलेली. डबा रिकामा.

आणि कोपऱ्यातला पट्टा... लावलेला.

परत जातानाची ती पंचवीस मिनिटं मी कशी काढली, ते देवाला माहीत. सेहेचाळीस डिग्री. भरधाव ट्रक. पन्नास मिनिटं झालेली. रस्त्याकडेला कुठे पिवळं दिसतंय का, एवढंच मी बघत होते. दिसू नये म्हणूनही हात जोडत होते.

पंपाच्या दुकानात ती स्टुलावर बसली होती. तोंड लालबुंद, डोक्यावर ओला पंचा. माझी मुग्धा. मी तिला कवटाळून हंबरडा फोडला. ती गरम होती. घामेजलेली होती. आणि जड होती.

पण तिने मला मिठी मारली नाही.

दुकान शौकतभाईंचं. रत्नागिरीकडचे. त्यांची बायको मरियमबी मुग्धाला वारा घालत होती. ती माझ्याकडे अशी बघत होती की मला मान वर करवेना.

"गो बाई, पोर तुझ्या गाडीचं दार बडवीत होती. 'आई, आई' म्हणत होती. तू वळून बघितलंस तिच्याकडे. आणि पुढे जाऊन बसलीस."

"नाही हो! मी तिला आत ठेवलं होतं!"

"एका पोरीला ठेवलंस. मी काचेतून बघत होते. ही मागे उभी होती." मरियमबीचा पंखा थांबला. "मी म्हटलं, हिच्या दोन पोरी असतील. एकीला घेतलंन, आता दुसरीला घेईल."

"ती... ती कशी होती?"

"तोंड तुझ्याकडे होतं तिचं. मला पाठ दिसली फक्त."

तोंड माझ्याकडे होतं. आणि मी बघितलं नाही. मुग्धाकडे वळून बघितल्याचंही मला आठवत नाही. ऊन होतं, घाई होती, कॅप होती, सगळं खरं. पण आईने बघायला नको?

मी ह्यांना सांगितलं, त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही. ह्यांनी किल्ली घेतली. गाडी पंपामागे लावली, लॉक केली. शौकतभाई म्हणाले, दुकानाच्या व्हॅनने घरी सोडतो. आम्ही सामानाच्या खोक्यांमध्ये दाटीवाटीने बसलो. मुग्धा माझ्या मांडीवर.

व्हॅन निघाली. आमच्या गाडीच्या शेजारून वळली.

आणि आवाज आला... ठक. ठक. ठक.

बंद गाडीच्या आतून. सरकत्या दारावर. छोट्या मुठीने कुणीतरी बडवत होतं.

सगळ्यांनी ऐकलं. कुंदाने ईराचे कान झाकले. शौकतभाईंनी "या अल्लाह" म्हणून वेग वाढवला. कुणीच थांबा म्हटलं नाही. मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी हे एकटे जाऊन ती गाडी तिथल्याच एका यार्डवाल्याला देऊन आले. कुणाला विकली, मुलंबाळं असलेल्या घरात गेली का, मी आजवर विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही. ती पोर कोण होती, जपानहून गाडीसोबत आली की इथल्याच रस्त्यावर चढली, काही माहीत नाही. कुणीतरी तिलाही कुठेतरी विसरलं असेल. एवढंच मला वाटतं.

पण मला झोप लागत नाही ती त्या आवाजाने नाही.

व्हॅन हायवेला लागल्यावर मुग्धा पहिल्यांदा बोलली. मान मागे वळवून, लांब जाणाऱ्या आमच्या गाडीकडे बघत तिने मला हळूच विचारलं,

"आई, आर यू लीव्हिंग हर ऑल्सो?"

मी तिचं डोकं छातीशी दाबलं आणि म्हटलं, "डोळे मीट."